सोबतीचं गिऱ्हाईक

जायच्या आदल्या दिवशी बाबा मटार सोलता सोलता म्हणाले होते, “शाल्मली, ‘सोबती’ कंपनीची वाढ संपली बघ. जिवंत माणूस एकही सुटला नाही. आता नवं गिऱ्हाईक आणणार कुठून?”

“तुम्ही मटार सोला,” ती हसली होती.

बाबा गेल्यावरही ‘सोबती’चं यंत्र त्यांच्या हुबेहूब आवाजात रोज सकाळी नातेवाइकांना फोन करून ख्यालीखुशाली विचारत राहिलं. तेराव्याला आत्या आलीच नाही. म्हणाली, “काल दादाशी बोलले की मी! जेवण कसलं घालतेस?”

शाल्मलीने कंपनीला फोन लावला.

“ताई, खातं बंद कशाला करता? फुकट चालू ठेवतो,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आकडा कमी व्हायला नको.”

“म्हणून मेलेली माणसं मोजता?”

“बंदच करायचं तर ‘माणूस वारला’ असं जवळच्या कुणीतरी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. बहुतेकांना जमत नाही.”

शाल्मलीलाही जमलं नव्हतं. सगळ्यांना शेजाऱ्यांनीच कळवलं होतं.

तेवढ्यात फोनमधून बाबांचा आवाज आला, “राहू दे ना गं, शाल्मली.”

अशी गयावया बाबांनी जन्मात केली नव्हती. तिने फोन तोंडाजवळ धरला.

“ऐका नीट,” ती मोठ्यांदा म्हणाली. “माझे बाबा वारले.”