आजोबांचा हात

मुलांनो, गच्च भरलेली गावसभा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या बाकावर एक आजोबा आहेत आणि त्यांना चिकटून त्यांची नात. आजारपणात आजोबांचे दोन्ही हात लुळे पडले, तेव्हापासून सभेत त्यांचा हात वर धरायचं मानाचं काम तिच्याकडे आलं होतं.

आज नव्या नळाची जागा ठरणार होती. "खालच्या आळीत कुणाकुणाला हवाय?" अध्यक्षांनी विचारलं. खालची आळी म्हणजे यांचीच! नातीने झटक्यात आजोबांचा हात उचलला.

"थांब गं बाई, हात माझा आहे," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, विहिरीवरून पाणी मी आणते!"

"आणतेस की. पण विहीर आपल्या हाकेवर आहे. वरच्या आळीतल्या पोरी भरली कळशी घेऊन चढण चढतात."

नातीने गाल फुगवून हात खाली ठेवला.

"आणि वरच्या आळीत?" अध्यक्षांनी पुकारलं.

आजोबांनी फक्त तिच्याकडे पाहिलं.

नात बाकावर चढून उभी राहिली. सबंध सभेत आजोबांइतका उंच हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.