पश्चिमेच्या देवाचा पूल

धाकट्या भावाच्या त्या पत्राला त्याने तीन वर्षांत उत्तर दिले नव्हते. पत्र अर्ध्या पानाचे होते आणि त्याला ते पाठ होते. 'पूर्वेच्या देवास, पश्चिमेच्या देवाकडून. दादा, वर्षानुवर्षे वाचवलेले साठच्या साठ गुण घालून तुझ्या किनाऱ्यापर्यंत पूल बांधला आहे. माझ्याकडे आता शून्य. तू मान्य लिहिलेस की पूल पुरा होईल. झाले गेले विसर.'

आज त्याच पत्रासाठी बहीण दोन बस बदलून आली होती आणि खुर्चीत न बसताच भांडत होती.

"एक शब्द लिहायचा होता. त्याला तीन वर्षं?"

"लिहायला बसतो गं. जमत नाही. चार कागद फाडले की वाटतं, बघू नंतर."

"जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांवर आकडे चिकटवलेस. माणसांशी बोलता कधी आलं तुला?"

खोटे नव्हते ते. कोणी पुस्तक कुठे आहे असे विचारले, तरी तो तोंड न उघडता कपाटाकडे बोट दाखवायचा.

खेळ त्याचाच होता. सोळाव्या वर्षी त्याने वहीत नियम लिहिले, तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता. दोघे भाऊ दोन देव. ज्याच्याकडे डाव, त्याला दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चार गुण. झाडाला एक, नदीला आठ, माणसांसकट गावाला बारा. मोडायचे असेल तर निम्म्यात काम भागे. खेळी पत्राने कळवायची, आणि पत्र पाठवले की डाव दुसऱ्याकडे.

तेव्हा दोघांची जमीन एकच होती. वर्षभर गुण साठवून त्याने एक शहर वसवले. रस्ते, पाणवठे, मधोमध मोठे वाचनालय. धाकट्याने एका खेळीत नदी फिरवली आणि 'बुडालं, बुडालं' म्हणत घरभर नाचला. बहीणही पोट धरून हसली होती. त्यानंतर थोरल्याने उरलेले सगळे गुण खर्चून मध्ये समुद्र घातला. समुद्रापलीकडे कोणाचेच काही चालत नसे. तोंडी बोलणे त्या दिवसापासून बंद. पत्रे तेवढी चालू राहिली.

"पोरवय होतं ते," बहीण म्हणाली. "पन्नास वर्षं झाली, दादा. कसला राग धरून बसलायस?"

"तूही हसली होतीस."

"हसले. मग? फाशी दे मला."

शेजारच्या खिडकीतून कोणी डोकावले. त्याने घाईघाईने पडदा ओढला.

"तो अंथरुणातून उठत नाही आता," ती आवाज न उतरवता म्हणाली. "सकाळपासून एकच धोशा, टपाल आलं का. दुसरं काय उरलंय त्याच्याजवळ? वही उघडून मला वाचून दाखवतो. ह्या गावात कोष्टी आहेत, ह्या दीपगृहावर म्हातारा आहे. माझ्या नावाचंही गाव केलंय त्याने. विहिरीसकट."

"नवीन काही केलं नाही ना?"

"कशाने करणार? गुण नाहीत, डाव तुझ्याकडे अडकलाय. तुझेच नियम ना ते?"

"हो. माझेच."

त्याने टेबलाचा लांब खण ओढला. आत कार्डे होती, ग्रंथालयात असतात तशी. धाकट्याच्या प्रत्येक निर्मितीला एक. बहिणीने चष्मा लावून ती चाळली. दीपगृह. कोष्ट्यांचे गाव. मग तिला स्वतःचे गाव सापडले आणि ती पहिल्यांदाच खुर्चीत टेकली.

"तू हे सगळं लिहून ठेवलंयस?"

"एकही सुटलं नसेल. तरी दोनदा तपासतो. माझा माझ्यावर भरवसा नाही."

"आणि कोपऱ्यात पेन्सिलीने हे सहा काय आहे?"

"आकडे घालायची सवय. तूच म्हणालीस ना मघाशी."

तिने कार्ड पदराने पुसून जागेवर ठेवले. "मेल्या, एवढी माया होती तर कळवायचं होतंस. तिकडे तो झुरतोय."

"ह्या महिन्यात लिहिणारच होतो. एक तारखेची वाट बघत होतो."

"मुहूर्त काढलास वाटतं!" ती नाक पुसत हसली. "आज एक तारीखच आहे. घे पेन."

तिच्यासमोर त्याने कागद घेतला. 'पश्चिमेच्या देवास. पूल मान्य.' तिने ते वाचले, त्याच्या पाठीवर एक धपका मारला आणि चहा टाकायला आत गेली. "दे माझ्याकडे, मीच नेऊन देते," ती आतून ओरडली.

"नको. टपालानेच जायला हवं. नियम आहे."

"नियम आणि तू!"

आत भांडी वाजत होती तोवर त्याने पुढचे लिहून टाकले. या वेळी एकही कागद फाडावा लागला नाही.

चहा झाल्यावर तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. टपालपेटी थांब्याला लागूनच होती. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "परवा त्याच्या हातात पडेल. मीच वाचून दाखवीन त्याला, मोठ्याने."

बस वळली. शुद्धलेखन एकदा पाहावे म्हणून त्याने कागद पाकिटातून काढला.

'पश्चिमेच्या देवास. पूल मान्य. आपल्या जमिनी जोडल्या गेल्या. छत्तीस महिन्यांचे एकशे चव्वेचाळीस गुण मी खर्च करतो आहे. तुझी सर्व गावे, नद्या आणि दीपगृहे माणसांसकट पाण्याखाली. काही उरले नाही, मी दोनदा तपासले. डाव तुझा.'

चूक एकही नव्हती. त्याने पाकीट नीट चिकटवले आणि पेटीत टाकले.