चीनहून आणलेला पूल

अकोला स्टेशनवर उतरण्याआधी बंडूनं गळ्यातला झेंडूचा हार काढून पिशवीत कोंबला आणि दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळला. मे महिना होता. या दिवसांत निम्मं अकोला तोंड बांधूनच फिरतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

सकाळीच त्याला बडनेऱ्याहून वाजतगाजत गाडीत बसवून दिलं होतं. वऱ्हाडातल्या पाच तालुक्यांतून भाजीपाला संघानं चीनच्या सहलीसाठी पाच जण निवडले होते आणि बंडूच्या वांग्यांनी नांदगाव खंडेश्वरचं नाव काढलं होतं. चौकात केवढं तरी बॅनर लागलं होतं. मागे चीनमधला हजार वर्षांचा दगडी पूल, पुढे हात जोडून बंडू.

गाडी मूर्तिजापूरच्या पुढे आली आणि सहलीच्या एजंटाचा फोन आला.

"बंडूभाऊ, घोळ झाला. तुमचा एकट्याचाच व्हिसा अडकला. बाकीच्या चौघाईचं झालं. आता बोभाटा नका करू, तुमचीच इज्जत जाईन. पुढच्या खेपेले पयला नंबर तुमचा."

आता त्या बॅनरखालून मान वर करून घरी कसं जायचं? बायकोलासुद्धा काय सांगायचं? बंडूनं मोबाईल बंद केला आणि जुन्या शहरात बहिणीचं दार वाजवलं.

"काहून रे," ताराताई म्हणाली, "तू त चीनले गेला होता न?"

"गेलोच आहो," बंडू म्हणाला. "आत घे लवकर."

आठ दिवस तो मागच्या खोलीत कूलरसमोर बसून ताईच्या मोबाईलवर त्या पुलाचे व्हिडिओ पाहत होता. पायऱ्या किती, कठड्यावर दगडी सिंह किती, कोणत्या सिंहाचा कान तुटलाय, सगळं त्याला पाठ झालं. तिथे गेलेल्या चौघांनी विचारलंच तर अडायला नको.

"एवढा अभ्यास दहावीत केला असता त मास्तर झाला असता," ताई मेथी निवडता निवडता म्हणाली. "आन् रिकाम्या हातानं जाशीन का घरी? लोकं तीर्थाहून प्रसाद आणतात. तू एवढा चीनले जाऊन आला."

म्हणून सातव्या दिवशी भर दुपारी बंडू तोंड बांधून बाजारात गेला. चिनी म्हणावं असं काही मिळेना. शेवटी काचेच्या पेटीतले रंगीत मासे विकणारं एक दुकान दिसलं. आत शिरताना त्याच्यासारखंच तोंड बांधलेलं कोणीतरी काखेत पुडकं मारून बाहेर आलं आणि त्याला धडकून तसंच पुढे गेलं. बाई होती की बुवा, तेही कळलं नाही.

फळीवर वीतभर लांबीचा, करड्या रंगाचा, कमानदार पूल होता. माशांच्या पेटीत ठेवायचा. हुबेहूब बॅनरवरचा!

"शेवटचाच राह्यला," दुकानदार म्हणाला. "मासे किती देऊ?"

"मासे नाई पायजे."

"आजकाल मासे कोणालेच नाई पायजे," दुकानदार कुरकुरला आणि पूल कागदात गुंडाळून दिला.

पुलाच्या बाजूला बुडबुड्यांची नळी घालायला एक भोक होतं. बंडूनं ताईच्या घरी परतल्यावर ते मेणानं बुजवलं आणि वरून राख चोळली.

अमरावतीला संघाच्या सभागृहात पाचही जणांचा सत्कार होता. बंडूला ताप आला असता तर बरं झालं असतं, पण आला नाही. त्या चौघांना तो निवडीच्या दिवशी एकदाच भेटला होता. आज त्यांच्यातला एकही त्याच्याकडे पाहत नव्हता. आता कोणीतरी उठून म्हणणार, हा बाबा तर आमच्यासोबत नव्हताच!

अध्यक्ष किसनरावांनी आधी दर्यापूरच्या जयवंताबाईंसमोर माईक धरला. "बाई, पूल कसा होता?"

"मजबूत होता."

"आणखी?"

"दगडाचा होता." मग बाईंनी बंडूकडे पाहिलं. "बंडूभाऊ संग होते म्हून चढली मी. हात धरून नेलं बिचाऱ्यानं."

बंडूला भडभडून आलं. ओळख ना देख, आणि ही माउली आपली लाज राखतेय! त्यानंही लगेच उपकार फेडले. "बाई त सरसर चढल्या. परतवाड्याचे भाऊच मधात बसले होते."

"हाव, बसलो होतो," परतवाड्याचे भाऊ म्हणाले. "तेवढ्यात वानरानं माहा चश्मा नेला."

"मंग मीच आणून देला न तो," बाळापूरचे म्हणाले. मोर्शीच्यांनीही जोरात मान हलवली.

एवढ्या व्हिडिओंत बंडूला एकही वानर दिसलं नव्हतं. पण गेलेल्या माणसांपुढे आपण काय बोलणार? तो बाईंच्या कानाशी वाकला. "बाई, तुमचे लय उपकार झाले. मी सगळं खरं सांगून टाकतो."

"गपचूप बसा," बाई घाम पुसत पुटपुटल्या.

"फोटो दाखवा न," किसनराव म्हणाले.

"मोबाईल चालत नाई तिथं!" पाचही जण एका सुरात म्हणाले.

"बरं, आठवण म्हून काही आणलं का?"

पाच पिशव्यांतून कागदात गुंडाळलेली पाच पुडकी टेबलावर आली. किसनरावांनी स्वतःच्या हातानं एकेक सोडलं आणि ओळीनं मांडलं. वीतभर लांबीचे, करड्या रंगाचे, कमानदार पाच पूल.

"सगळे एकाच दुकानात गेलेले दिसता!" किसनराव कौतुकानं म्हणाले.

बंडू खाली वाकून पाहत होता. परतवाड्याच्या पुलाचं भोक कणकेनं बुजवलेलं होतं, बाळापूरच्याचं साबणानं, मोर्शीच्याचं कापसानं, आणि जयवंताबाईंच्या पुलावर मोठी लाल टिकली चिकटवलेली होती.