दादांच्या आवाजात

"हे तुम्हीच ना, दादा?"

नर्सबाईंनी मोबाइल टेबलावरून थोरल्यापुढे सरकवला. ड्यूटी संपवून त्या थेट घरांचे एजंट असलेल्या या दोघा भावांच्या ऑफिसात आल्या होत्या, अंगावरचा पांढरा कोटही उतरवला नव्हता.

स्क्रीनवर थोरला बोलत होता. तोच भांग, तोच चष्मा, बोलताना मान जराशी कलती करायची तीच खोड. "एकतीस वर्षं या धंद्यात आहे. लिफ्ट पंधरा दिवसांत चालू होतेय, हा माझा शब्द. म्हाताऱ्या आईवडिलांना खुशाल घेऊन या."

थोरल्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. त्या इमारतीत लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता आणि त्यावर पत्रा ठोकलेला होता. हे त्याला ठाऊक होतं. आणि असलं काही आपण आयुष्यात बोललो नाही, हेही.

"चेहरा माझा आहे," तो म्हणाला. "बोलणं माझं नाही."

"मग कुणाचं?" नर्सबाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागत होतं. "तुमच्या शब्दावर मी राहती जागा सोडली. तिथे घर घेतलं, चौथा मजला. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं. अडीच महिने झाले, ती खाली उतरलेली नाही. काल तपासणीला न्यायचं होतं. दोघांनी खुर्चीत बसवून उचललं. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो, तर म्हणाली, मला परत वर ने, वरच मरू दे."

थोरल्याने समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याचा धाकटा भाऊ मोठ्या गोल दिव्यापुढे मोबाइलचा स्टँड लावत होता. त्याने मान वर केली नव्हती, पण हात थांबले होते.

"हे तू केलंस?"

"कंप्युटरने केलं," धाकटा म्हणाला. "तुझे लग्नातले व्हिडिओ होते, फोनवरची बोलणी होती. तेवढ्यावर भागतं. कॅमेऱ्यापुढे उभा राहा म्हणून वर्षभर तुझ्या हातापाया पडलो. तू म्हणालास, मी काय नाच्या आहे का? म्हटलं, बरं. नको उभा राहूस."

"मला विचारायचंस तरी."

"नाही म्हणाला असतास."

"लिफ्ट नाही, हे तुला माहीत होतं."

"बिल्डर पंधरा दिवस म्हणाला होता. मी तेच सांगितलं."

"तू कुठे सांगितलंस? मला सांगायला लावलंस."

धाकट्याने स्टँड सोडला आणि तो पुढे आला. "माझ्या तोंडचं ऐकून कोण घर घेतं, दादा? लोकांना तू लागतोस. आणि तू काय करतोस? वहीत नंबर लिहून घेतोस, फोनची वाट बघत बसतोस. तुझ्या वयाचे सगळे एजंट दुकानाला कुलूप लावून घरी बसलेत. तुझी खुर्ची अजून इथे आहे ती माझ्या जिवावर."

"तो व्हिडिओ काढ."

"दोन लाख लोकांनी बघितलाय. आता काढला तर चोरी कबूल केल्यासारखं होईल." मग तो नर्सबाईंकडे वळला. "तुम्हाला तक्रार करायचीय? खुशाल करा. त्यात मी कुठेच नाही. त्यात दादा आहेत."

थोरला उठला. चालत गोल दिव्यापाशी गेला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उजेडात उभा राहिला.

"बाई, तुमच्या मोबाइलवर घ्या."

नर्सबाईंनी मोबाइल धरला. दिव्याने थोरल्याचा चष्मा पांढरा झाला होता. तो दोनदा अडखळला. आवाज कापत होता, तो त्याला आवरेना. "तो व्हिडिओ माझा नाही. त्या इमारतीला लिफ्ट नाही. कधी येईल, मला माहीत नाही. वयस्कर माणूस घरात असेल तर तिथे जागा घेऊ नका. माझ्या नावावर विश्वास ठेवून ज्यांनी घेतली, त्यांनी मला येऊन भेटा. मी इथेच आहे."

धाकट्याने त्याला अडवलं नाही. हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकलं. नर्सबाईंनी व्हिडिओ आपल्या नावाने टाकला, तोच जुन्या व्हिडिओखालीही चिकटवला. तेवढ्यात धाकटा खुर्चीत बसला आणि दोन्ही अंगठ्यांनी भराभर काहीतरी लिहू लागला.

नर्सबाईंच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं.

"'सावधान. आमच्या दादांचा चेहरा आणि आवाज वापरून कुणीतरी खोटा व्हिडिओ पसरवत आहे. कृपया विश्वास ठेवू नये.' तुमच्याच ऑफिसच्या नावाने आलंय."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. भावाने नजर चुकवली नाही.

खाली एकेक माणूस लिहू लागला. आवाज बघा कसा कापतोय, मशीनचाच आहे. चष्म्यात डोळेच नाहीत, इथेच चोरी पकडली जाते. नर्सबाई वाचता वाचता एका नावाशी थांबल्या आणि त्यांनी ते नाव सांगितलं. थोरला ओळखत होता. त्या माणसाला त्याने बारा जागा दाखवून अकरा स्वतःच नको म्हटल्या होत्या.

"काय लिहिलंय त्यांनी?"

नर्सबाईंनी वाचून दाखवलं.

"'दादांना पंचवीस वर्षं ओळखतो. त्यांच्या शब्दावर डोळे झाकून घर घेतलं, कधी पस्तावलो नाही. हा माणूस दादा नव्हे.'"

त्यांचं वाचून होतंय तोवर ऑफिसच्या नावाने त्याखाली उत्तरही आलं. दोन जोडलेले हात.