दूध संस्थेतला कॉम्प्युटर

"दादा, ह्यो लूप थांबतच न्हाई," सत्यभामा म्हणाली.

गहिनीनाथनं वाकून पडद्याकडं पाहिलं. "थांबंल कसा? कवा थांबायचं ते तू सांगितलंच न्हाईस त्याला."

दोघं दूध संस्थेच्या खोलीत बसले होते. गावातली जनावरं चारा छावणीला गेलेली, तेव्हा दूध कुठलं आणि संस्था तरी कुठली. फॅट मोजायचं मशीन पोत्याखाली झाकलेलं आणि त्याच्या शेजारी हा कॉम्प्युटर. खोलीची किल्ली अर्जुनरावांकडं असायची. ते संस्थेचे संचालक, शिवाय ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की निम्मं गाव त्यांच्या मागं साखर कारखान्यावर जाई. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा, अशी त्यांची टोळी मोजायची रीत.

गहिनीनाथ तीन हंगाम अर्धा कोयता म्हणून जाऊन आला होता. वय एकवीस. बारावीचं गणित दर वर्षी त्याला आडवं येई, संगणकात मात्र ऐंशीच्या वर मार्क. सत्यभामाचं नेमकं उलटं. गणितात चौऱ्याण्णव आणि संगणकात नापास, कारण तिच्या कॉलेजातला कॉम्प्युटर दोन वर्षं कुलपातच होता. जुलैत दोघांची फेरपरीक्षा होती.

तिच्या बापानं, रामकिसननं, सरळ सांगून टाकलं होतं, "सुटलीस तर बीडला कॉलेजात घालतो. न्हाई सुटलीस तर यंदा लगीन उजवून टाकतो."

एका खोलीत पोरगा-पोरगी म्हटल्यावर गाव बोलणारच. पण अर्जुनरावांनी पारावर सगळ्यांदेखत सांगितलं, "मी बसवलंय त्यांला. काय म्हणायचं ते मला म्हणा." बोलणं तिथंच थांबलं. त्या दिवशी सत्यभामाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सकाळी टँकर आला की दोघं पाण्याला जात. रांगेत उभं राहूनच गहिनीनाथ शिकवायचा. "ही रांग म्हंजी क्यू. जी घागर आधी आली ती आधी भरती. आन तुमच्या घरातली उतरंड म्हंजी स्टॅक. वरचं मडकं आधी निघतं." दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते असं आठ दिवसांत शिरलं. मग पाण्याचा ड्रम दोघं मिळून उचलत आणि ती त्याला मॅट्रिक्सचा गुणाकार विचारी. चुकला तर ड्रम खाली ठेवायला लावी.

अर्जुनराव जीपमधून बघत. एकदा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"पाटे किती वाजता उठतीस?"

"चारला, मामा."

"आन ह्यो?"

"मीच फोन करून उठवते."

"बरं जमतंय तुमचं." त्यांनी खिशातली लहान वही काढली. "जन्मतारीख सांग तुजी."

"धा ऑगस्ट."

"अठरा पुरी होत्यात?"

"यंदा होत्यात."

त्यांनी लिहून घेतलं. वही मिटता मिटता म्हणाले, "आन ह्याला दादा म्हणू नगंस. नाव घेत जा. हापिसात दादा-ताई चालत न्हाई."

जीप गेल्यावर गहिनीनाथ कितीतरी दिवसांनी हसला. "कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर बसवलाय. माणसं लागत्यात तितं. मामा आपली नावं लावायलेत बघ."

"मला बीडला जायचंय."

"जा की. मी जातो काट्यावर. सावलीत खुर्ची आसती तितं." त्यानं आपल्या तळहातावरचे घट्टे बघितले. "पण आधी गणित सुटाया पायजे."

"सुटंल, दा..." ती थांबली. "सुटंल, गहिनीनाथ." नाव जिभेवर अवघडलं. तिला उगीचच लाज वाटली.

परीक्षा पाटोद्याला होती. गणिताचा पेपर देऊन तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "तू शिकवलेलाच गुणाकार आलता," एवढंच म्हणाला. तिच्या पेपरात क्यू आणि स्टॅकमधला फरक विचारला होता. उत्तर लिहिताना तिला टँकरची रांग दिसत होती.

निकाल ऑगस्टच्या शेवटी लागला. पावसाचा अजून पत्ता नव्हता. पाटोद्याच्या दुकानात मोबाइलवर दोघांनी मार्क पाहिले. त्याला एकसष्ट, तिला अठ्ठ्याहत्तर. परतीच्या भाड्याच्या जीपमध्ये ती बसली होती खरी. पण मनात बीडला कधीच पोचली होती. होस्टेलला बादली न्यावी लागेल, जुनी ट्रंक रंगवून घ्यावी लागेल. इतकं सुख तिला आजवर कधी झालं नव्हतं.

तिच्या घराच्या दारात अर्जुनरावांची जीप होती. ओसरीवर रामकिसन आणि त्याच्याजवळ गहिनीनाथचा बाप धोंडीराम. मध्ये ताट, ताटात नारळ, कुंकू आणि पेढे. आपला सत्कारच करणार म्हणायचे, असं तिला वाटलं. आई, गीताबाई, चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती. सत्यभामालाही भरून आलं.

"सुटले, आण्णा," ती बापाला म्हणाली.

रामकिसननं ताटातला नारळ उगीच सरळ केला.

"मागून गहिनीनाथ येतोय. त्यो बी सुटलाय."

"सुटणारच की. एकमेकांच्या जोडीनं कसं काम करता ते मी बघितलंय न्हवं," अर्जुनराव म्हणाले. त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला, खिशातून लहान वही काढली आणि धोंडीरामपुढं धरली.

सत्यभामा पेढा खात वाकली. काट्यावरच्या कामाला आपलंही नाव लावलं असेल तर आत्ताच नको म्हणून सांगावं, असं तिच्या मनात होतं.

पान जूनमधलं होतं. गहिनीनाथच्या नावापुढचं 'अर्धा कोयता' खोडून तिथं 'एक कोयता' लिहिलेलं होतं, आणि शेजारी तिची जन्मतारीख होती.