उपाशीची पाटी

मेट्रन वॉर्डात शिरल्या आणि सगळ्यांची बोलणी जागच्या जागी थांबली. कोपऱ्यातल्या खाटेपाशी पाठमोरी उभी असलेली इन्चार्ज सिस्टर झटकन वळली, ओला हात एप्रनला पुसला आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम."

मेट्रन आल्या की खाटासुद्धा सावधानमध्ये उभ्या राहतात, असं नर्सेस आपसात म्हणत. मेट्रनच्या कानावर ते आलं होतं, आणि मनातून त्यांना ते आवडलंही होतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, आज ऑपरेशन. चष्मा आणि कवळी काढून लेकीच्या हवाली केलेली. उशाशी 'उपाशी' अशी लाल पाटी लटकत होती.

"रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही ना?"

"नाही, मॅडम."

मेट्रननी समाधानाने मान हलवली. ही सिस्टर त्यांचीच विद्यार्थिनी. पहिली सुई टोचताना तिचा हात लटपटत होता, तेव्हा मागून तिचं मनगट धरलं होतं ते मेट्रननीच. मुलगी हुशार निघाली, बाहेर जाऊन वरचं शिक्षण घेऊन आली. गेल्या वर्षी बैठकीत कागदांची चळत घेऊन उभी राहिली. ऑपरेशनच्या पेशंटला रात्रभर तहानलेलं ठेवायची गरज नसते, ठिकठिकाणच्या अभ्यासांत हे दिसून आलंय, असं सांगू लागली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते पटलेलं होतं, पण "मेट्रनबाईंशी तुमचं तुम्हीच बोला" म्हणून ते मोकळे झाले होते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मेट्रन म्हणाल्या, "सुई कशी धरायची ते मी शिकवलं तुला. आता तू मला शिकवणार?"

सगळे हसले. सिस्टरही हसली आणि खाली बसली. त्यानंतर तिने कधी उलट शब्द काढला नाही. पोरगी ताळ्यावर आली, असं मेट्रननी घरी नवऱ्याला सांगितलं होतं.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. आधीची केस लांबली होती, आजींचा नंबर दुपारनंतर. सिस्टर तो निरोप आजींच्या लेकीला द्यायला व्हरांड्यात गेली. मेट्रन खाटेपाशी थांबल्या. चादरीला सुरकुती पडली होती, ती ओढून नीट करू लागल्या. चष्म्याविना आजींनी चाचपडत त्यांचं मनगट धरलं.

"गेली का ग ती?"

"कोण?" मेट्रन हळूच म्हणाल्या.

"तीच ग, तुमची मोठी बाई. गेली असेल तर दे दोन घोट. मघाशी अगदी ओठाशी आलेला पेला काढून घेतलास."

मेट्रननी टेबलाकडे पाहिलं. औषधांच्या ट्रेमागे अर्धा भरलेला पेला होता. भोवती पाणी सांडलेलं.

गेले कित्येक महिने या वॉर्डात कुणी पाण्यासाठी कळवळत नव्हतं. बाहेरून पाहणीला आलेल्यांनी त्याचं कौतुक केलं होतं आणि मेट्रननी "शिस्त लागते त्याला" असं म्हणून ते पदरात पाडून घेतलं होतं. त्यांची कानशिलं तापली.

"मी काही बोलले नाही हं तिच्यासमोर," आजी बोळकं पसरून हसल्या. "ओठ चाटत पडून राहिले. जमलं ना मला नाटक? पण काय ग पोरी, एवढी चांगली गोष्ट, तर सांगून का टाकत नाहीस तिला? काल विचारलं तर म्हणालीस, त्यांनीच मला घडवलंय, चारचौघांत त्यांना कमीपणा नको. तिला आहे का ग तुझी एवढी पर्वा?"

आवाज मोठा केला तर आजी ओळखतील, याचीच मेट्रनना धास्ती वाटली. स्वतःच्याच वॉर्डात त्या एका म्हातारीपासून तोंड लपवत होत्या. त्यांनी पेला उचलला, आजींच्या ओठांजवळ नेला आणि हात तिथेच थबकला.

ऑपरेशन दुपारनंतर. मग आता चालेल? किती घोट? कधीपर्यंत? अख्खी हयात या कामात गेली, तरी त्यांना ते ठाऊक नव्हतं. जी सांगायला आली होती, तिला त्यांनी पहिल्याच वाक्याला खाली बसवलं होतं.

मागे पावलं वाजली. सिस्टर दारात उभी होती. मेट्रनच्या हातातला पेला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, यात बाकीच्या मुलींचा काही दोष नाही. मीच त्यांना..."

"ते राहू दे," मेट्रन म्हणाल्या.

तो आवाज ऐकताच आजींनी त्यांचं मनगट सोडलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

मेट्रननी पेला टेबलावर ठेवला. "मला सांग," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या किती आधीपर्यंत पाणी दिलेलं चालतं?"

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्या तिला खरोखर काही विचारत होत्या. सिस्टरला उत्तर तोंडपाठ होतं. तिचे ओठ हललेही. मग तिने एकदा मेट्रनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हात पाठीमागे बांधले, शिकाऊ असताना बांधायची तसे.

"तुम्ही म्हणाल तोपर्यंत, मॅडम."