आलेख थांबला नाही

दोऱ्याची गाठ सुटली आणि लंबकाचा पितळी गोळा टेबलाच्या कडेवर आपटून खाली गेला. पंख्यांच्या घरघरीत कुणाचं लक्ष गेलं नाही. तिने मात्र तो पडताना पाहिला. प्रात्यक्षिक परीक्षेची ही तिची दुसरी खेप. या वेळी नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सकाळी सांगितलं होतं. तेही आवाज न चढवता.

प्रयोग थांबवायला तिने कीबोर्डकडे हात नेला, तो तसाच अधांतरी राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लंबक हलत होता. हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती. बाजूला वाचनांचे आकडे उमटत होते. समोर नुसता दोरा लोंबत होता.

प्रयोगशाळेचे सर लगबगीने आले. त्यांनी आधी दोऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

“सर, हा कॉम्प्युटर कशाची वाचनं घेतोय?”

“हळू बोल. सेन्सर दोन वर्षांपूर्वीच गेलेत. नवीन कुणी देईना. सगळ्या टेबलांवर जुन्या प्रयोगाची फाईल लावलीय.”

तिला समजायला जरा वेळ लागला.

“गेल्या वर्षी मी घड्याळाने मोजलेली वेळ कॉम्प्युटरशी जुळली नव्हती. म्हणून तर नापास केलंत मला.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ते आता उगाळू नकोस, पोरी. पडद्यावरचं उतरव. तूही सुटशील, मीही.”

बाहेरून आलेले परीक्षक शेजारच्या टेबलावरून तिच्याकडे वळले. तिने घाईघाईने पडद्यावरचे आकडे उतरवले. सर दोरा आणि परीक्षक यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“घड्याळ लावून पडताळून पाहिलंस?” परीक्षकांनी विचारलं.

“हो.”

“जुळतंय दोन्ही?”

तिने पेन खाली ठेवलं. सर तिच्याकडे बघत नव्हते.

“जुळतंय, सर.”

“बघ, लक्ष देऊन केलं की जमतं.” परीक्षकांनी सही केली. कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, पायाशी पडलेला गोळा उचलला आणि तिच्या वाचनांवर वजन म्हणून ठेवला.

“हं, पुढचा कोण?”